उसवता येतो तो बूट: जपानी बुटांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात या सदरात मी आसाकुसाबद्दल लिहिलं होतं. टोकियोच्या त्या जुन्या भागात आजही हाताने चामड्याचे बूट शिवले जातात, दिसायला १९३०-४० च्या अमेरिकन कामगारांच्या बुटांसारखे पण शिवणारे हात जपानी, असा तो विषय होता. त्यावर भरपूर पत्रं आली, मला वाटलं नव्हतं एवढी, म्हणून या वेळी सगळी जागा तुमच्याच प्रश्नांना दिलीये. आधी एक सांगते, मी कारागीर नाही. टोकियोत सात वर्षं नोकरी केली, राहायला निशी-कासाईला होते, सुट्टीच्या दिवशी तोझाई लाइनने निहोनबाशी आणि तिथून गिन्झा लाइनने आसाकुसा ही माझी ठरलेली फेरी. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते बघितलेलं, विचारून घेतलेलं आणि थोडंफार वाचलेलं आहे.

ताई, तुमचा लेख वाचून ऑनलाइन किमती बघितल्या आणि डोकंच गरगरलं. दीड-दोन लाख येन, म्हणजे आपले लाखभर रुपये एका जोडीला! मशीनवर शिवलेला चांगला लेदर बूट दहा हजारात मिळतो की. हाताने शिवल्याने नक्की काय फरक पडतो, का नुसतं नाव?
एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे

नुसतं नाव नाही रे. फक्त याचं उत्तर वरच्या चकचकीत चामड्यात शोधू नकोस, बूट उलटा कर आणि वरचं चामडं तळाला जिथे जोडलंय तिथे बघ.

स्वस्त बुटात तळ सरळ चिकटवलेला असतो, तो झिजला की बूट संपला. त्याच्या वरचा प्रकार गुडइयर वेल्ट, ही दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत आलेली मशीनची पद्धत. यात आतल्या तळाला कापडी पट्टीची एक उभी कड चिकटवतात आणि मशीन त्या कडेला वरचं चामडं आणि वेल्ट नावाची चामड्याची अरुंद पट्टी एकत्र शिवतं, मग त्या वेल्टला खालचा सोल शिवायचा. पद्धत वाईट अजिबात नाही, जपानमधले कितीतरी चांगले बूट असेच बनतात. पण सगळा भार त्या चिकटवलेल्या कापडी कडेवर असतो, आणि बऱ्याच वर्षांनी, दोन-तीनदा सोल बदलून झाल्यावर, ती कड सुटू शकते. शिवाय मशीनची ती शिलाई साखळी टाक्याची असते, म्हणजे एक टाका तुटला की शेजारचेही सैल व्हायला लागतात.

हाताच्या कामात ती कड चिकटवलेली नसतेच. झाडाच्या सालीत कमावलेलं, चांगलं पाचेक मिलिमीटर जाडीचं चामडं आतल्या तळासाठी घेतात, भिजवून फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, ठोकून बसवतात, वाळलं की धारदार पात्याने त्या चामड्यातच खाच पाडून उंचवटा कोरून काढतात. मग वरचं चामडं जरा ओलसर करून फर्म्यावर ओढायचं. ओढायची जी पक्कड असते तिला तिथले कारागीर ‘वानी’ म्हणतात, वानी म्हणजे मगर, आणि एकदा ती चामड्याला चावताना बघितली की हे नाव का पडलं ते विचारावं लागत नाही. आधी पुढचं टोक, मग दोन्ही बाजू, मग टाच, दर ओढीला एक खिळा. जनावराच्या पोटाकडचं चामडं सैल ताणतं, पाठीकडचं घट्ट असतं, एकाच कातड्यातून कापलेले दोन तुकडेही सारखे ताणत नाहीत, हे हाताला कळतं आणि त्याप्रमाणे जोर कमी-जास्त होतो. असा ओढलेला बूट मग फर्म्यावरच काही दिवस ठेवून देतात, त्याला तो आकार अंगात मुरवू द्यायचा. घाईच्या कारखान्यात सगळ्यात आधी कापला जातो तो हाच वेळ.

दोऱ्याचं तर एक वेगळं प्रकरण आहे. लिननचे पदर एकत्र पिळायचे आणि त्यावर चीडाची राळ तेलात शिजवून केलेला काळपट चिकट लेप चोळायचा, त्याला ‘चान’ म्हणतात. वाकड्या आरीने एक भोक, त्या एकाच भोकातून दोरा दोन्ही बाजूंनी आरपार, आणि मग दोन्ही हात फाकवून जीव खाऊन ओढायचं. ओढताना घासून राळ गरम होते, भोकात भरते आणि तिथेच घट्ट बसते, त्यामुळे एखादा टाका तुटला तरी शेजारचे जागचे हलत नाहीत. या शिलाईला ‘सुकुइनुइ’ म्हणतात. नंतर मधल्या पोकळीत कॉर्क आणि कमानीखाली आधाराची पट्टी भरतात आणि सोल शिवतात, ती शिलाई ‘दाशिनुइ’. ती मशीनवर केली आणि बाकी सगळं हाताने, तर त्याला तिथे ‘नऊ भाग’ काम म्हणतात, तीही हाताने केली तर ‘दहा भाग’. मला हा हिशेब फार आवडतो, कारण कुठलं काम मशीनवर केलं हे लपवायची गरजच राहत नाही, नावातच सांगून टाकलेलं असतं.

आणि आता मुद्द्याचं सांगते. इतकं घट्ट शिवलेला हा बूट उसवताही येतो. सोल काढला, गरज पडली तर वेल्टही काढली, तरी आतला तळ आणि वरचं चामडं शाबूत, परत त्याच फर्म्यावर चढवून नव्याने शिवता येतं. टोकियोच्या सेतागाया भागात ब्रास नावाचं बूट दुरुस्तीचं काम करणारं दुकान आहे, आज जगभरातले लोक ज्या क्लिंच बुटांसाठी महिनोन्‌महिने थांबतात ते याच दुकानाचे. रोज लोकांचे फाटके बूट उघडून बघणाऱ्याला कुठला जोड आधी सुटतो, घाम कुठे मुरतो, टाच कुठून खचते हे पाठ होतं, आणि मग तो स्वतः बूट करायला बसला की तिथेच जास्त वेळ देतो. माझ्या मते जपानी बुटाचं वेगळेपण याच्यात आहे, बाकी सगळं त्यानंतर.

तू विद्यार्थी आहेस, लाख रुपये घालव असं मी मुळीच सांगणार नाही. आत्ता घेशील तो बूट वेल्ट शिलाईचा आहे ना एवढं बघून घे, आणि सोल झिजला की फेकू नको, बदलून घे.

जपानी लोक तर लाकडी खडावांसारखे गेता आणि गवताच्या वाराजी घालायचे. मग चामड्याच्या बुटांना ‘जपानी परंपरा’ म्हणणं इतिहासाला धरून आहे का?
एक इतिहास शिक्षक, सोलापूर

सर, शंका रास्त आहे. बूट हा प्रकार जपानमध्ये बाहेरूनच आला आणि त्याची तारीखही ठरलेली आहे. १५ मार्च १८७० ला निशिमुरा कात्सुझो यांनी टोकियोच्या त्सुकिजी भागात पहिला आधुनिक बूट कारखाना सुरू केला, म्हणून १५ मार्च हा दिवस तिथे आजही ‘बूट दिन’ म्हणून पाळतात. कारण लष्करी होतं. नव्या मेइजी राजवटीला युरोपसारखं सैन्य उभं करायचं होतं, परदेशातून बूट मागवले तर ते जपानी शिपायांच्या पायाला मोठे व्हायला लागले, तेव्हा लष्कराचा नवा पाया घालणाऱ्या ओमुरा मासुजिरो यांनी बूट इथेच बनवा असं सुचवलं. शिकवायला परदेशी उस्ताद आणले. दोनच वर्षांत, १८७२ ला, ओत्सुका कंपनी निघाली, ती अजून चालू आहे.

दुसरा टप्पा दुसऱ्या महायुद्धानंतरचा. अमेरिकन सैन्य जपानमध्ये तळ ठोकून होतं, त्यांच्याकडचे कपडे-बूट उएनोच्या आमेयोको बाजारात यायचे आणि हरलेल्या देशातली पोरं ते डोळे फाडून बघायची. पुढे अमेरिकन कपड्यांचं हे वेड इतकं वाढलं की अमेरिकेतच जुने कारखाने बंद पडत होते, शिलाई मशीन भंगारात जात होती, आणि जपानी लोक मात्र तिथल्या गोदामांतून जुने बूट, जॅकेट, जीन्स शोधून आणत होते. आणून नुसते घातले नाहीत, उसवून बघितले. १९३० च्या दशकातल्या इंजिनिअर बुटाला इंचाला किती टाके होते, दोरा किती जाड होता, टाचेचे थर कसे रचले होते, सगळं मोजून काढलं. कोबेच्या द रिअल मॅकॉयज किंवा टोयो एंटरप्रायझेसच्या लोन वुल्फ या ब्रँडचे बूट बघितलेत तर हा अभ्यास लगेच दिसतो.

म्हणजे वस्तू परकी आहे हे खरंच. पण चामड्याचं काम परकं नव्हतं. हिमेजीचं पांढरं चामडं शतकानुशतकं चालत आलंय, मीठ आणि मोहरीच्या जातीतल्या एका बीचं तेल लावून, पायाने तुडवून मऊ केलेलं, सामुराईंच्या चिलखतात वापरलं जायचं ते. आणि एक गोष्ट खास तुमच्यासाठी, कोफू शहरात हरणाच्या चामड्यावर उरुशी झाडाच्या चिकाच्या रोगणाने नक्षी काढायची कला आहे, तिचं नाव ‘इंदेन’. हे नाव ‘इंडो’वरून, म्हणजे हिंदुस्थानवरून आलंय असं सांगतात, कारण त्या धर्तीचं चामडं आपल्याकडून तिकडे गेलं होतं. तिथलं इंदेन-या हे घराणं १५८२ पासून हेच काम करतंय. आपल्या शाळांत ही एक ओळ जरी शिकवली तरी पोरांना किती बरं वाटेल.

आमच्या घरात चार पिढ्या कोल्हापुरी चपला बनवतात. तुम्ही जपानी कारागिरांना तिथे किती मान आहे ते लिहिलंत, ते वाचून बरं वाटलं आणि वाईटही. तिकडे चामड्याचं काम करणाऱ्यांना कधीच कमी लेखलं नाही का?
एक वाचक, कोल्हापूर

दादा, मागच्या लेखात हे यायला हवं होतं आणि ते राहिलं, ही माझी चूक आहे.

कमी लेखलं. अगदी आपल्यासारखंच. एदो काळात, म्हणजे मेइजी राजवटीच्या आधीची अडीचेकशे वर्षं, मेलेली जनावरं ओढणं, कातडी कमावणं, चामड्याच्या वस्तू करणं हे ज्यांच्याकडे होतं त्यांना ‘एता’ म्हणायचे आणि लिहायचे अशा अक्षरांत की ज्याचा अर्थ होतो भरपूर घाण. गावाबाहेर वेगळी वस्ती, बाकीच्यांशी लग्न नाही, पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. पूर्व भागातल्या या लोकांचा प्रमुख दान्झाएमोन एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, आसाकुसाजवळच राहायचा. मी रविवारी ज्या गल्ल्यांतून हिंडायचे तिथे बुटांचे कारखाने, चामड्याची दुकानं, बकल-खिळे विकणारे इतके एकाच ठिकाणी का जमलेत याचं मूळ तिथे आहे, आणि हे मला दोन-तीन वर्षं तिथे राहूनही माहीत नव्हतं कारण कोणी स्वतःहून बोलत नाही.

१८७१ मध्ये सरकारने फर्मान काढून हे भेद कायद्याने रद्द केले. पण त्याच वेळी चामड्याच्या धंद्यावरचा त्यांचा परंपरागत हक्कही गेला आणि बाहेरचे पैसेवाले त्यात उतरले. शेवटच्या दान्झाएमोनने, दान नाओकी हे त्यांचं नवं नाव, त्याच वर्षी आपल्या लोकांना नव्या पद्धतीने चामडं कमावणं आणि बूट करणं शिकवायची सोय उभी केली, परदेशी शिक्षकसुद्धा आणला. निशिमुरांचं नाव बूट दिनाला सगळे घेतात, या माणसाचं फार कमी जण घेतात. कायद्याने माणसांच्या मनातलं गेलं नाहीच, म्हणून ३ मार्च १९२२ ला क्योतोमध्ये सुइहेइशा ही संघटना उभी राहिली, सगळे एका पातळीवर असा त्या नावाचा भाव आहे. महाडच्या चवदार तळ्याच्या पाच वर्षं आधी. आणि अगदी २०१६ मध्ये तिथल्या संसदेला हा भेदभाव संपवण्यासाठी पुन्हा वेगळा कायदा करावा लागला, यावरून काय ते समजा.

मान मिळतोय तो अलीकडे, आणि त्यालाही कारणं आहेत. शिकायची दारं उघडी आहेत. टोकियो सरकारच्या व्यवसाय प्रशिक्षण केंद्राच्या ताइतो शाखेत बूट बनवायचा रीतसर कोर्स आहे, तिथे कोणाचाही मुलगा, कोणाचीही मुलगी जाते. नोकरी सोडून बूट शिकायला आलेली तिशीतली माणसं मी बघितलीत. आणि ग्राहक किंमत देतो. तुमच्या कोल्हापुरीत एक खिळा नसतो, चामड्याच्याच वादीने शिवलेली, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेली, कारागिरी म्हणून ती आसाकुसाच्या बुटापेक्षा तसूभर कमी नाही हे मी मनापासून लिहितेय. २०१९ ला तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने तसल्याच चपला नाव न घेता दाखवल्या तेव्हा आपण सगळे चिडलो, बरोबरच होतं ते. पण त्याच आठवड्यात आपल्यातलेच किती जण दुकानात चारशे रुपयांसाठी घासाघीस करत असतील?

मित्राने जपानहून आणलेला काळा बूट आठ महिन्यांत ठिकठिकाणी तपकिरी झालाय. रंग कच्चा आहे का? तो म्हणतो असंच असतं.
एक वाचक, नागपूर

मित्र बरोबर बोलतोय. याला ‘चाशिन’ म्हणतात, चा म्हणजे आपला चहाच, आणि शिन म्हणजे गाभा. चामडं आरपार तपकिरी, काळा रंग फक्त वरच्या थरावर. चालताना जिथे घडी पडते, टोकाला जिथे घासलं जातं, तिथला काळा थर हळूहळू विरतो आणि आतला चहा वर येतो. जुन्या अमेरिकन बुटांत हे असायचं, तेच जपानी लोकांनी मुद्दाम परत आणलं, लोक त्यासाठी जास्त पैसे मोजतात. वस्तूत वर्षागणिक होत जाणाऱ्या बदलाला जपानीत ‘केइनेन हेन्का’ म्हणतात आणि बूट, जीन्स, पाकीट सगळ्याला तो शब्द लावतात. आपल्याकडे आजीच्या हातचं पितळी भांडं जसं नव्यापेक्षा जुनंच चांगलं दिसतं, तसंच काहीसं. मित्राला सांगा काळं पॉलिश चोपडू नको म्हणावं, सगळी मजा जाईल.

आमचं घर माळकरी. मुलगा जपानला शिकायला गेलाय आणि असे बूट घ्यायचं म्हणतोय. हे चामडं कोणत्या जनावराचं असतं? आणि कमावतात कसं? केमिकल असतं का?
एक आई, सातारा

ताई, आडपडदा न ठेवता सांगते. बहुतेक बूट गायी-बैलांच्या चामड्याचे असतात, बरेचसे महागडे बूट घोड्याच्या चामड्याचे. हे चामडं मांसाच्या धंद्यातून उरलेलं असतं, घोड्याचं कातडं बरंचसं युरोपातून येतं. घोड्याच्या पुठ्ठ्यावर एक दाट थर असतो, त्याला शेल कॉर्डोवन म्हणतात, एका जनावरामागे त्याचे दोनच लंबगोल तुकडे निघतात आणि कमावायला महिनोन्‌महिने जातात, हिमेजीची शिंकी हिकाकु ही कंपनी त्यासाठी जगात प्रसिद्ध आहे. घरच्या आचारात हे बसतं की नाही ते तुम्ही आणि मुलाने बोलून ठरवायचं, मी त्यात पडणार नाही. नकोच असेल तर कापडी कॅनव्हासचे बूटही जपानमध्ये फार सुंदर बनतात, कुरुमे शहरातले तर नावाजलेले आहेत, मुलाला ते बघायला सांगा.

कमावण्याचं म्हणाल तर दोन रस्ते. क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं चामडं दिवसाभरात तयार होतं, मऊ असतं, पाण्याला बरं टिकतं. दुसरा रस्ता टॅनिनचा, म्हणजे झाडाच्या सालीतल्या तुरट द्रव्याचा. तोचिगी शहरात १९३७ पासूनची तोचिगी लेदर ही टॅनरी, म्हणजे चामडं कमावायचा कारखाना, आहे, तिथे जमिनीत दीडशेच्या वर हौद आहेत, त्यात मिमोसाच्या सालीचा अर्क. कातडी आधी पातळ अर्काच्या हौदात सोडतात, मग थोड्या दाट, मग आणखी दाट, असं पुढे पुढे सरकवत नेतात. सुरुवातीलाच दाट अर्कात टाकली तर वरचा थर आवळून बसतो आणि आत काही शिरतच नाही, म्हणून ही सबुरी. हा मिमोसा म्हणजे आपल्या बाभळीच्याच कुळातलं झाड आहे बरं का, आणि कोल्हापूरकडचे ढोर समाजाचे लोक बाभळीची साल आणि हिरडा वापरून जे करत आले त्याचंही तत्त्व हेच. असं चामडं आधी पुठ्ठ्यासारखं कडक लागतं, महिना-दोन महिने पायाला त्रासही होतो, पण नंतर ते फक्त त्याच पायाचं होतं.

ऑनलाइन मागवायचाय. साइज २६.५ वगैरे लिहिलेलं असतं, काही ठिकाणी अमेरिकन नंबर. चुकला तर परत पाठवायचा खर्च भयंकर. कसं ठरवू?
एक वाचक, पणजी

जपानी नंबर म्हणजे तुमच्या पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये, बुटाची नाही. संध्याकाळी, पाय जरा सुजलेले असताना, ज्या मोज्यांवर घालणार ते घालून, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा आणि दोन्ही पाय मोजा, मोठा असेल तो धरा. चवड्याचा घेरही टेपने मोजून ठेवा. पण हे जुन्या घाटाचे बूट करणारे बरेच जण अमेरिकन नंबर लावतात आणि ते आपल्या स्पोर्ट्स शूजपेक्षा मोठे निघतात, तेव्हा मापं त्यांना लिहून पाठवा आणि कुठल्या फर्म्यावर कुठला नंबर बसेल ते विचारा. छोट्या कार्यशाळा अशा मेलला खूप आस्थेने उत्तर देतात, माझा तरी तोच अनुभव. एक लक्षात ठेवा, चामडं रुंदीला सैल होतं, लांबीला नाही. बोटं पुढे टेकत असतील तर ‘होईल सैल’ म्हणून ठेवून घेऊ नका. टाच सुरुवातीला थोडी वर सरकते, ते चालतं, सोल वाकायला लागला की थांबतं.

अजून एक. आपल्यासारखंच जपानी घरातही बूट दारातच काढतात, दिवसातून दहा वेळा काढ-घाल. तरी ते लोक कधी टाच दाबून पाय घुसवत नाहीत, दाराशी लांब दांड्याचा शूहॉर्न टांगलेलाच असतो. टाचेच्या आतला कडक भाग एकदा मोडला की तो दुरुस्त करणं सोलपेक्षा अवघड, तेव्हा तेवढी सवय लावून घ्या.

पावसाळ्यात नवऱ्याच्या बुटांवर दरवर्षी पांढरी बुरशी येते. काय करावं?
एक गृहिणी, ठाणे

हे मी स्वतः भोगलंय. भारतात परतल्यावरच्या पहिल्या पावसाळ्यात माझे सगळ्यात आवडते बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बांधून कपाटाच्या वरच्या खणात ठेवले, गणपतीत काढले तर दोन्ही बूट पांढरेफटक, आणि एकाच्या आतलं अस्तर गेलं ते गेलंच. अजून वाईट वाटतं. प्लॅस्टिक अजिबात नको, त्यात ओल कोंडते. जपानमध्येही जून-जुलैला त्सुयु म्हणजे त्यांचा पावसाळा असतो, तेव्हा लोक बुटांचं कपाट रोज थोडा वेळ उघडं ठेवतात आणि आलटून-पालटून बूट घालतात, तोच जोड रोज नाही.

बुरशी आलीच तर घराबाहेर नेऊन कोरड्या कापडाने पुसा, ते कापड टाकून द्या. मग पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून ओलसर फडक्याने आतून-बाहेरून पुसा आणि पंख्याखाली वाळवा. ऊन नको, गॅसजवळ तर नकोच, चामडं तडकतं. भिजून आले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ओले झाले की बदला. तेल किंवा क्रीम पूर्ण वाळल्यावरच, आणि अगदी नखाएवढं, कारण पावसाळ्यात जास्त तेल लावलेल्या बुटावर बुरशी अजून जोमाने येते. बाकी रोज घरी आल्यावर घोड्याच्या केसांच्या ब्रशने मिनिटभर झटकलं तरी वर्षाची निम्मी काळजी मिटते.

असे बूट घेतले तर इथे सोल कोण बदलून देणार? कोपऱ्यावरच्या मोचीकाकांना जमेल का?
एक वाचक, डोंबिवली

जमेल, पण नीट बोलून घ्या. आरी आणि मेणाचा दोरा हातात धरणाऱ्या माणसाला वेल्ट शिलाई दाखवली की ती कशी आहे ते लगेच कळतं, मी माझ्या इथल्या काकांना पहिल्यांदा बूट दाखवला तेव्हा त्यांनी उलटा करून पाच मिनिटं नुसता बघितला आणि ‘हे हाताचं काम आहे’ म्हणाले, मी काही सांगायच्या आधी. तीन गोष्टी सांगा. वेल्ट कापायची नाही. जुन्या टाक्यांच्या भोकांतूनच नवा टाका जाऊ द्यायचा, शेजारी नवी भोकं पाडली तर वेल्ट चाळणी होते. आणि आरपार खिळे मारायचे नाहीत, आतल्या तळाला भोकं पडली की हाताच्या शिलाईचा सगळा उपयोग गेला. व्हायब्रमसारखा रबरी सोल तुम्ही स्वतः आणून दिलात तर उत्तम. ते म्हणतील तेवढे पैसे द्या, आणि घाई करू नका, दोन दिवस लागतील तर लागू देत.

पूर्ण सोल बदलायची वेळ तशी दोन-तीन वर्षांनी येते. टाच मात्र आधी झिजते, बाहेरच्या बाजूने. खालचा रबराचा थर अर्धा गेला की लगेच तेवढाच बदलून घ्या, झीज वरच्या चामड्याच्या थरांपर्यंत पोचू देऊ नका.